दगडू कुणाच्या छपरावर उतरला?

मंडळी, आज आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही, मनात द्यायचं, म्हणजे खरं निघेल. शेजाऱ्याकडनं पेढे आले — पोरगा पास झाला असेल, सून आली असेल, काहीतरी चांगलं झालं असेल — तर तो पेढा आपल्याला गोड का लागत नाही? खवा तोच. साखर तीच. हलवाईसुद्धा तोच, परवा आपणही त्याच्याकडनंच आणले होते! मग कडू काय झालं? पेढा, का जीभ?

हसताय? हसा. पण हसताना शेजारी बसलेल्याकडं बघू नका, तोही तुमच्याकडंच बघतोय. तर ऐका.

कऱ्हाडात एक गल्ली. त्या गल्लीत वामन सुतार राहायचा. हात असा, की पाटावर रंधा फिरवला तर पाटात तोंड दिसावं. त्याला नाद एकच — कबुतरांचा. घराच्या गच्चीवर त्यानं कबुतरांसाठी ढाबळ बांधली होती, ती सागवानाची! कप्प्याला कप्पा जुळलेला, दाराला पितळी कडी. त्याची बायको अनसूया म्हणायची, "माझ्या माहेरच्या माणसांना एक धड खुर्ची नाही बसायला, आणि पाखरांना सागवान." बरोबरच बोलत होती बिचारी.

आणि तीन घरं सोडून लतीफ तांबोळी. पानसुपारीचं दुकान. वामनचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची ढाबळ कसली? फळांची खोकी एकावर एक ठेवलेली, वर फाटका पत्रा. पण महाराज, शर्यतीत पहिलं कबुतर यायचं ते त्या खोक्यांवर!

शर्यत कशी असते, सांगतो. सगळ्यांची कबुतरं करंड्यांत घालून दूर न्यायची, सोलापूरला. प्रत्येकाच्या पायात रबरी कडं. सकाळी एकदम सोडायची. कबुतर आपापल्या घरी येतं. मालकानं ते धरायचं, पायातलं कडं काढायचं आणि चौकात पंचांपुढं नेऊन टाकायचं. ज्याचं कडं आधी, तो पहिला. चार वर्षं लतीफचं कडं आधी पडलं. चारही वर्षं एकच कबुतर — राखी रंगाचा नर, नाव दगडू! नाव बघा. वामनच्या कबुतरांची नावं शहाजादा, तुफान, गरुड. आणि गरुड यायचे दुपारच्या जेवणाला.

वामन जळायचा. मंडळी, मी दुसरा शब्द शोधत नाही. जळायचा! शर्यतीच्या दिवशी माणसानं आभाळाकडं बघावं, हा बघायचा लतीफच्या छपराकडं. लतीफ हसला की याला वाटायचं मलाच हसला. लतीफ गप्प बसला की वाटायचं, बघा किती माज.

पाचव्या वर्षी, शर्यतीला दोन-तीन महिने असताना, लतीफ स्वतः त्याच्या दारात आला. म्हणाला, "वामना, तुझ्या हाताला कष्टाची सवय हाय, पण वाण बरं न्हाई तुझ्याकडं. माझ्यातलं घेऊन जा. दगडूची यंदाची पिल्लं हायती, अजून आभाळ बघितलं न्हाई त्यांनी. तुझ्या ढाबळीत डोळे उघडून बाहेर बघतील, तुझीच होतील. जिंकायला दोन वर्षं लागतील. न्हाईतर जुनी जोडी ने, दगडू आणि त्याची मादी. त्यांची अंडी तुझ्या घरात फुटली तर ती पिल्लंबी तुझीच. फक्त एक ध्यानात ठेव, दगडूला बाहेर सोडायचं न्हाई. तो माझ्या पत्र्यावर वाढलाय."

आता सांगा, काय घ्यावं? पिल्लं, का तयार जोडी? शहाणा माणूस काहीही घेऊन सुखी झाला असता. पण मत्सराचा एक कान नेहमी उलटा असतो! वामनच्या मनात आलं, पिल्लं घे म्हणतोय म्हणजे टाकाऊ असणार. वाण स्वतःकडं ठेवतोय लबाड. तो पटकन म्हणाला, "जोडी दे."

लतीफचा चेहरा क्षणभर उतरला. चार वर्षं जिंकून देणारं पाखरू होतं ते. पण त्यानं दोन्ही कबुतरं पाटीत झाकून आणली, वामनच्या हातात दिली आणि खाली मान घालून दुकानात गेला.

वामनला आनंद झाला असेल म्हणता? आठ दिवस झाला. मग गल्लीतली माणसं बघायला यायला लागली. येणारा प्रत्येक जण सागवानी ढाबळीपुढं उभा राहून काय म्हणायचा? "वा! हा लतीफचा दगडू!" अरे, ढाबळ माझी, दाणा माझा, आणि दगडू लतीफचा? वामनला जेवण जाईना.

जोडीनं अंडी घातली. अठरा दिवसांनी दोन पिल्लं निघाली, पिवळ्या लवेची, कुरूप, सारखी चोच वासणारी. अनसूया म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं. आता यांना वाढवा. पुढच्या साली उडवा." पण शर्यत होती येत्या रविवारी, आणि मत्सराला पुढचं साल दिसत नाही.

वामननं हिशेब मांडला. हिशेब काही अडाण्याचा नव्हता हं! कबुतरवाल्यांना ठाऊक असतं — ढाबळीत लहान पिल्लं असली, की नर जिवाच्या आकांतानं घरी येतो. शर्यतीत मुद्दाम असाच नर घालतात. वामन म्हणाला, याची पिल्लं माझ्याकडं आहेत, जाईल कुठं? आणि दगडूच्या पायात त्यानं आपल्या नावाचं कडं चढवलं.

चूक कुठं झाली? अहो, पिल्लांची ओढ खरी होती! पण ती पिल्लं कुठं आहेत हे वरून ओळखायचं कसं? दगडू वामनकडं आला तो पाटीत झाकून, राहिला तो जाळीच्या आत. वामनचं छप्पर आपलं घर म्हणून त्यानं आभाळातून एकदाही बघितलं नव्हतं. ओढ आहे आणि वाट माहीत नाही. मंडळी, आपलं तरी काय वेगळं आहे?

रविवार उजाडला. अनसूया बाजाराला गेली होती. वामन खालच्या दाराला कडी लावून गच्चीवर बसला. साडेदहाच्या सुमाराला पूर्वेकडं एक ठिपका दिसला. राखी! दगडूच! सगळ्यांच्या आधी! वामन उठला, ज्वारीचा डबा वाजवला, "आ, आ, आ" करून गळा सुकवला. आत पिल्लं चिवचिवत होती. दगडूनं गल्लीवर एक घिरटी घेतली, दुसरी घेतली, वामनच्या सागवानावरून सरळ पुढं गेला — आणि लतीफच्या पत्र्यावर जाऊन बसला.

खाली गल्ली ओरडली, "लतीफ पहिला!"

लतीफ म्हणाला, "माझं न्हाई ते, वामनचं हाय." त्यानं दगडूला धरलं, सदऱ्यात घातलं आणि धावत वामनच्या दाराशी आला. कडी वाजवली. "वामना, दार उघड. दगडू आलाय, कडं तुझंच हाय, पळव चौकात. लई घाबराघुबरा झालाय, पिल्लांपाशी सोडू दे. एकट्या मादीच्यानं दोघांचं पोट भरत न्हाई."

वामन गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन बसला. उघडणार नाही म्हणाला मनात. मिरवायला आलाय.

आणि तेवढ्यात काय झालं, नीट ऐका. लतीफच्या पत्र्यावर दुसरं कबुतर उतरलं. लतीफचं स्वतःचं, दगडूचीच गेल्या सालची लेक. पायात कडं! दोन मिनिटांत धरलं तर लतीफ पाचव्यांदा पहिला. पण गल्ली सगळी चौकात पळाली होती आणि लतीफ इथं, दाराशी उभा. पाठ आपल्या घराकडं.

वामननं ते बघितलं. त्यानं नुसतं म्हणायचं होतं, "लतीफ, तुझं आलं रे." एवढंच. तेही म्हणाला नाही तो. उलट त्याच्या तोंडावर हसू आलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला गार वाटलं. कडी वाजत राहिली, वामन हसत राहिला, आणि चौकात आरोळी उठली — खालच्या आळीतल्या बाबर मास्तरांचं कडं पडलं, मास्तर पहिले!

मग वामन खाली आला आणि दार उघडलं. लतीफ आत शिरला. जिना चढून वर गेला, दगडूला ढाबळीत सोडलं. दगडू पिल्लांपाशी गेला आणि त्यांच्या चोचीत चोच घालून भरवायला लागला. दोघं बघत उभे राहिले.

वामनला आता गार वाटेना. तो हळूच म्हणाला, "लतीफ, तुझंबी कबुतर आलं होतं. मगाशीच."

"ठाऊक हाय," लतीफ म्हणाला.

"कसं?"

"दारातनं वर बघितलं. माझ्या पत्र्याकडं वळलेलं तुझं तोंड दिसलं. तवाच कळलं."

"मग गेला का न्हाईस?"

लतीफ म्हणाला, "चार वर्षं झाली वामना, तुला हसताना बघितलं नव्हतं. म्हटलं, एवढ्यानं हसतोयस तर हस. शर्यत दर साली हाय."

 मंडळी, लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या वामननं. हे सोसलं नाही. लतीफचा हात धरून ढसाढसा रडला तो.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, वामन भारी वाईट माणूस. घरी जाताना त्याला नावं ठेवत जाल, सोपं आहे ते. मी सांगू का? वामन एकदाच गच्चीवर बसला. आपण कायमचे बसलोय! आतून कडी लावून. खाली कुणीतरी आपलंच हरवलेलं छातीशी धरून उभं आहे, आणि आपण वरून त्याचं नुकसान बघून हसतोय. मग देवळात येऊन म्हणतो, देव काही भेटत नाही. अहो, तो कुठल्या दारानं येणार?

आता टाळ उचला. नाम घ्यायचंच आहे. पण त्याआधी एक करा. ज्याचं बरं झालेलं तुम्हाला बघवत नाही, त्याचं नाव मनात घ्या. आलं ना लगेच? मलाही आलं. आधी ते नाव घ्या, प्रेमानं घ्या. पांडुरंगाचं त्याच्यानंतर.