ओसाकातली हाक

ॲन आर्बरच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तसे स्वानंदीने कानातले इअरफोन काढले. काका-काकू जपान फिरून लेकाकडे आलेले दिसत होते.

“ओसाकाचं ते जमिनीखालचं स्टेशन आठवलं तरी धडकी भरते. एवढी गर्दी, आणि तुम्ही गायब!”

“गायब कसला? एक्झिट शोधत होतो.”

“मी घसा फोडून ‘अहो, अहो’ ओरडतेय आणि सगळे पुरुष वळून बघतायत. म्हटलं, किती मदत करणारी माणसं!”

“सुमित्रा, आज आपल्या वेदांतने सांगितलं. तिकडे ‘अहो’ म्हणजे मूर्ख.”

“अगंबाई! म्हणजे मी सगळ्यांना...?”

“हो. बाकीचे नुसते वळले. धावत आलो तो मी एकटाच.”

“हसू नका. आता यापुढे नावानेच हाक मारणार.”

“बघू या.”

लायब्ररीचा स्टॉप आला. काकू उठल्या.

“प्र... प्रल्हाद, उतरायचंय.”

काका खिडकीबाहेर बघत बसले होते.

“प्रल्हाद!”

बसचं दार उघडलं.

“अहो!”

“आलो, आलो.”