मनुक्याच्या रसाची किटली

आमचं मूळ गाव गंगापूर तालुक्यातलं. वडील पोलीस ॲक्शनच्या पुढल्या वर्षी जन्मले, म्हणजे आजोबांनी रझाकारांचा काळ पाहिला आणि वडिलांनी तो फक्त ऐकला. गावात मातीच्या भिंतीचं, वर पत्रे टाकलेलं चर्च होतं. ते वडिलांनी आयुष्यभर झाडलं, घंटा वाजवली, कंदिलाच्या काचा पुसल्या, पण पुढं चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांचा बाक असायचा त्याच्यावर ते कधी बसले नाहीत. त्यांना कुणी बस म्हणलं नाही आणि ते आपणहून बसणारे नव्हते. एकदा तो बाक पुसता पुसता मला म्हणाले, शमुवेल, तू बसशील बघ ह्याच्यावर. काय सांगू तुम्हाला, बापाचं तेवढं एक वाक्य मी धरून बसलो आणि त्याच्यापायी जे केलं ते कुणाला बोललो नाही. मी तसा बोलणारा माणूस नाहीच. कंपनीत मला मुका म्हणायचे.

शहरात आलो तेव्हा औरंगाबाद म्हणत होते, आता संभाजीनगर म्हणतात. चिकलठाण्याला कंपनीत लागलो आणि दोन वर्षांनी लग्न झालं. करुणा बिडकीनकडची. पुंडलिकनगरात एक खोली आणि पुढं पडवी, एवढ्यात आमचा संसार. आता आठवलं तरी दम लागतो असे ते दिवस होते. पहाटे नळाला पाणी यायचं, हंडे भरून झाले की दोघं बसून शास्त्राचा एक अध्याय वाचायचो, तेवढ्यात तिची कणीक मळून व्हायची, म्हणजे वाचायचो मी आणि मळता मळता ऐकायची ती. मग माझा डबा, मग तिची बालवाडी, चाळीस पोरं एका खोलीत. बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, शुक्रवारी महिला मंडळ, शनिवारी गायनाचा सराव, रविवारी सकाळी शब्बाथ शाळेत लेकरांना गोष्टी सांगायच्या आणि मग उपासना. कुणी आजारी पडलं की करुणाला निरोप, कुणाकडं बारसं असलं की करुणाला निरोप. मी म्हणायचो, अगं, एखाद्याला नाही म्हणत जा. ती म्हणायची, तुम्हीच म्हणा की, तुम्हाला तर न बोलायची सवयच आहे.

पण ह्या सगळ्यात एक काम तिचं खास होतं. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एवढाएवढासा पेला, बोटभर. तो रस आमच्याकडं काळ्या मनुक्यांचा करायचे. तिची आई गावाकडच्या चर्चसाठी करायची, तिच्याकडून ही शिकली. शुक्रवारी मनुके निवडून एकेकाचा देठ काढायचा, भिजत घालायचे, शनिवारी मंद आचेवर उकळायचे, धुतलेल्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळायचे. गाळताना ती कुणाशी बोलायची नाही. मी काही विचारलं तर हातानंच थांबा म्हणायची. मग तो रस पितळी किटलीत भरायचा, आणि ती किटली चर्चला पोचवायचं काम माझं. ती शब्बाथ शाळेच्या लेकरांसाठी लवकर निघायची, मी मागून सायकलवर.

त्या रविवारी उपासनेनंतर वार्षिक सभा होती आणि पंचांसाठी माझं नाव सुचवलेलं होतं. मी इस्त्रीची फिकट पँट घालून निघालो. क्रांती चौकात टपरीवर आमच्या खात्यातला एक जण बसलेला, म्हणला, अरे मुक्या, आज लई टापटीप? आणि मी मुका माणूस त्या दिवशी बोलायला लागलो बघा. सायकल स्टँडवर लावली, किटली हँडलला तशीच, आणि चहा पीत त्याला सांगत बसलो, पंच म्हणजे काय, मंडळीत त्याला मान कसा असतो, माझा बाप काय म्हणला होता. हँडल वळलं आणि सायकल आडवी झाली. उचलायला धावलो तोवर झाकण उडून रस मातीत. तळाला वाटीभर राहिला असेल, आणि मंडळी साठ-सत्तर.

तिथून सरळ चर्चच्या पाळकसाहेबांकडं जाऊन सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण मला वाटलं, आज सांगितलं तर लोक म्हणतील, प्रभूच्या मेजाचा रस टपरीवर सांडणारा हा पंच होणार. बाजूला सरबताचा गाडा होता. त्याला म्हणलं, लाल कुठलंही दे. तो म्हणला, ये गुलाब का है भाई, अंगूर का नहीं, किटली में कायकू डाल रहे? मी म्हणलं, डाल. त्यानं डाललं.

उपासनेत पेल्यांचं तबक फिरलं तसा बायांच्या बाजूनं गुलाबाचा वास सुटला. आमच्यात बाया उजवीकडं, गडी डावीकडं. एक म्हातारी होती, कानानं कमी, तिला वाटलं ती हळूच बोलतेय, ती मोठ्यानं म्हणली, आगं बया, हे तर लग्नातलं सरबत! पोरं फिसकली. करुणानं पेला ओठाला लावला, खाली केला आणि माझ्याकडं पाहिलं. तिला जिभेवरच सगळं कळलं होतं.

सभेत पहिला विषय तोच निघाला. पाळकसाहेबांनी विचारलं, करुणाबाई, रस तुम्ही केला होता का? ती पदर सारखा करून उभी राहिली, म्हणली, व्हय, मीच केला. मग असा कसा झाला? ती माझ्यासाठी थांबली होती, हे मला कळत होतं. मी बुटांकडं पाहत होतो. कुणीतरी मागून म्हणलं, बालवाडी, मंडळ, शाळा, एवढी लुडबुड कशाला करायची, मग असा आळस होतो. आळस! पहाटेपासून पाठ टेकत नव्हती त्या बाईला आळशी म्हणले आणि मी नवरा तिथं बसलेलो. ठरलं असं की रसाचं काम दुसरीकडं द्यायचं आणि करुणाबाईंनी तीन महिने प्रभुभोजनापासून लांब राहायचं. त्याच्यानंतर मतं पडली आणि मी पंच झालो.

पंच काय करतो, तर प्रभुभोजनाचं तबक घेऊन रांगेनं फिरतो. त्या महिन्यांत बायांच्या बाजूचं तबक माझ्याकडं आलं. तीन पहिले रविवार मी माझ्या बायकोसमोरून तबक घेऊन गेलो. शेजारणीसमोर थांबायचो, पलीकडच्या बाईसमोर थांबायचो, मधे तिच्यासमोर पाय उचलायचा. ती खाली पाहत नव्हती. सरळ तबकाकडं पाहायची. तिसऱ्या वेळी मी पाय एवढ्या घाईनं उचलला की पेले वाजले.

सभेच्या दिवशीच्या त्या फिकट पँटवर मनुक्याच्या रसाचे शिंतोडे होते. सभेच्या दुसऱ्या दिवशी कंपनीतून आलो तर ती धुऊन दोरीवर वाळत घातलेली. मी पाहिलं तर एवढंच म्हणली, लिंबू लावलं, गेले डाग. मी पँट घडी करून ठेवली. दोन लेकरं झाली, त्यांची लग्नं झाली, पडवीची खोली झाली, ती तशीच राबत राहिली, निरोप आला की जातच राहिली. फक्त नाताळच्या फराळातसुद्धा मनुका तिनं घरात येऊ दिला नाही. लेकरं विचारायची, तर म्हणायची, मला निवडायचा कंटाळा येतो.

मागच्या साली नवे पाळक आले, तरुण आहेत. त्यांनी दोन-तीन महिन्यांमागं उपासनेत विचारलं, आपल्यात कुणाला पूर्वीसारखा घरचा रस करता येतो का? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी पंचांच्या बाकावरून उठलो. कसा उठलो ते सांगता येणार नाही. सगळं सांगितलं, टपरी, गुलाब, बूट, सगळं. लोक रडले, पाळकांनी मला मिठी मारली, दोघातिघांनी येऊन सलाम केला की मोठं धाडस केलंत. मला वाटलं, सुटलो.

घरी आलो तर करुणा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणली, तेव्हा बी तुम्ही मंडळीकडं बघत होता, आज बी मंडळीकडंच बघून बोललात. मला एकटीला सांगायला किती पावलं लागत होती हो?

मी तिथंच जमिनीवर बसलो आणि पहिल्यापासून परत सांगितलं, तिच्याकडं बघून. ती भाजी निवडत राहिली. झाल्यावर म्हणली, टपरीवर चहा तरी पुरा प्यालात का? मी म्हणलं, नाही. म्हणली, बरं झालं.

पंचाचं काम मी सोडलं. पाळकांना सांगितलं, तिला जेवढी शिक्षा होती तेवढी मला. ते नको म्हणत होते, पण दोन पहिले रविवार झाले, तबक येतं, मी पुढं देतो. एक राहिलाय. करुणाला हे पटत नाही. ती म्हणती, तुमची शिक्षा घेऊन मी काय करू, मनुक्यांचे देठ काढा.

रसाचं काम मंडळीनं परत तिच्याकडं दिलंय, तेवढं करतो. शुक्रवारी पाट घेऊन बसतो, एकेक देठ काढतो, ती चष्म्यातून बघते आणि राहिलेला देठ परत माझ्यापुढं टाकते. रस तीच गाळते, न बोलता. लेकरं सुखात आहेत, देवाची दया आहे, तुमच्याही घरावर राहो. रविवारी आता आम्ही दोघं एकाच रिक्षानं जातो. किटली ती मांडीवर घेऊन बसते, दोन्ही हातांनी धरून. क्रांती चौक आला की पदरानं झाकण दाबते. माझ्या हातात देत नाही, आणि मी मागत नाही.