राखेतला कॉम्प्युटर

(अहिल्यानगरमधली भाड्याची खोली. कॉम्प्युटरचा डबा उघडून फरशीवर आडवा ठेवलेला. दाराशी रंगुबाई बसलेली.)

हर्षल: रोहिणी, ही काय राख आहे? डब्यात चूल पेटवली होती की काय?

रोहिणी: धूळ असेल रे.

हर्षल: धुळीत कडुलिंबाचा पाला असतो होय? हा बघ, पंख्यात अडकलाय. म्हणून तर बटण दाबलं की घरघरतो आणि बंद पडतो. आणि डिस्प्ले येणार कुठून? रॅमच्या खाचेत राख ठासून भरलीय! अख्ख्या वर्गाचे कॉम्प्युटर दुरुस्त केले मी, पण असला नाही पाहिला. कुणाचा हा उद्योग?

रोहिणी: गावाकडं एका बाईकडं ठेवायला दिला होता. तिला काय कळतंय.

हर्षल: धन्य ती बाई! थांब, फोटो काढून ग्रुपवर टाकतो.

रोहिणी: नको ना हर्षल. माझा प्रोजेक्ट आहे त्यात. तू आधी चालू कर.

रंगुबाई: मीच ती बाई, दादा.

हर्षल: अरे! तुम्ही? मला वाटलं...

रंगुबाई: मी ह्यांच्या शेतावर कामाला हाय. कॉम्प्युटर पोचवाया आली एस्टीनं. चुकलं माझं.

हर्षल: नाही हो मावशी, मी हसलो म्हणून राग मानू नका. म्हणजे रोहिणी सांगते ती बागायत खरीच आहे! आम्हाला वाटायचं, फेकते.

रंगुबाई: खरी हाय. मोप हाय बागायत.

हर्षल: बरं, माझा ब्रश गाडीच्या डिकीत राहिला. खाली जाऊन आलोच.

रोहिणी: आई, कामाला हाय म्हून कशाला सांगितलं त्याला?

रंगुबाई: तूच म्हनली ना, एक बाई. मंग ती बाई कोन, त्यो इचारनारच की.

रोहिणी: त्यो हासाया लागला आन् माझ्या तोंडातून गेलं गं. पर तू तरी राखंत कशापायी घातला? यंत्र हाय त्ये, हरभरा न्हाई!

रंगुबाई: मंग ठिवायचा कुठं? दिवाळी झाली का आमी ऊस तोडाया कारखान्यावर. तिथल्या झोपडीत, कोपीत न्यावा, तर वरनं दव आन् खाली पाचट. घरात ठिवावा, तर उंदरं वायरी ठिवत न्हाईत. बियानं राखंत घालून लिंबाचा पाला टाकला का वरीसभर किडा लागत न्हाई, म्हून ह्योबी तसाच दान्याच्या कनगीत घातला. वरनं शेनानं लिपून घेतलं. तुझ्या बापानं सोता राख चाळली, एक खडा ऱ्हाऊ दिला न्हाई.

रोहिणी: आई, तू मला शिव्या दे.

रंगुबाई: शिव्या कशाला? माझ्या अडानीपनामुळं तुझी मान खाली गेली. मलाच लाज वाटली बघ. एवढी शिकलेली पोर, आन् आईनं असलं करून ठिवलं.

रोहिणी: लाज तुला कशाची? ती मला वाटाया पायजे. मी सांगते त्याला, आला का.

रंगुबाई: अजाबात न्हाई! तुला ह्या पोरांच्यात ऱ्हायचंय. मी काय, सांजच्या गाडीनं पाथर्डीला जाईन. पाय वाजत्यात बघ. डोळं पूस.

हर्षल: सापडला ब्रश. रोहिणी, खोडरबर दे तुझं, रॅमचे दात घासतो. मावशी, एक मात्र मानलं तुम्हाला. वायर एकसुद्धा कुरतडलेली नाही. परवा एकाचा उघडला, तर आत उंदराची पिल्लं निघाली.

रंगुबाई: आता हुईल का सुरू?

हर्षल: बघूया. ही रॅम बसली खट्कन. रोहिणी, बटण दाब. पंखा फिरतोय... बंद नाही पडला. पण स्क्रीन काळीच आहे. मॉनिटरची वायर दाब जरा मागून. अजून. आला! आला डिस्प्ले!

रोहिणी: हर्षल, बास. पुढचं मी बघते.

हर्षल: थांब गं, पूर्ण तर उघडू दे. अरे, फोटोत या तर मावशीच! उसाच्या फडात. आणि शेजारी तू? तुझ्या हातात कोयता? डोक्यावर मोळी... अगं, स्क्रीन का बंद केलीस?

रंगुबाई: लागला का वो ताई, कॉम्प्युटर?

हर्षल: रोहिणी?

रोहिणी: लागला, आई. हिकडं ये, माझ्याजवळ बस.