परकोटाच्या दरवाजात मेंढरं

दोन हजार तेवीस साल, मी पंच्याहत्तरीला टेकलो होतो. रझाकारीच्या सालातला जन्म माझा, जन्मलो तवा निजामाचं राज्य, रांगायला लागलो तवर ते गेलं बी. आम्ही धनगर, दौलताबादच्या परकोटाबाहेर घाटाच्या अंगाला आमची वस्ती. शाळा दुसरीपर्यंत, पण किल्ल्याचं काय सांगू तुम्हाला, आज्यानं सांगितलेलं सगळं ध्यानात हाय. यादव गेले, दिल्लीवाले आले, त्यातल्या एका सुलतानानं तर अख्खी दिल्लीच इथं आणली आन् माघारी नेली, मग निजामशाही, मग मोगल, मग निजाम. देवगिरीचं दौलताबाद झालं, आता पुन्हा देवगिरी म्हणा म्हणत्यात. वर कोणी बी बसो, खाली मेंढरं आमचीच चरली.

बदलला नाय तो परकोटाचा दरवाजा. फौज एकदम आत शिरू नये म्हणून अरुंद केलेला, आन् आता त्यातूनच शहराकडं जायचा डांबरी रस्ता. एका टायमाला एकच गाडी.

त्या दिवशी दुपारी सुनेला, सुमनला, कळा लागल्या. पोरगा लासूर स्टेशनला बाजाराला गेलेला. शेजारच्या युसूफच्या रिक्षात सून आन् माझी म्हातारी बसली, निघाली शहरातल्या दवाखान्याकडं. मी मेंढरं घेऊन वाटंवरच होतो, बघतो तर दरवाजात आतून ट्रक, बाहेरून बस, तोंडाला तोंड, आन् बसच्या मागं आमची रिक्षा. बसवाला म्हणतो तू घे मागं, ट्रकवाला म्हणतो माझ्या मागं किल्ला बघायला आलेल्या मोटारींची रांग, घेऊ कुठं. कोणी हटंना. सुमनचं ओरडणं मला लांबून ऐकू येत होतं. युसूफ पळत आला, काका कुछ भी करो, नाय तर बच्चा रिक्षातच होईल.

मी हाळी दिली आन् बसच्या कडंच्या फटीतून मेंढरं घातली दरवाजात. ट्रकला वेढा, मागच्या मोटारींना वेढा. ट्रकवाला खवळला, ए म्हाताऱ्या, किल्लेदार हायस का तू. म्हणलं व्हय, पुढं यायचं तर माझ्या अंगावरून ये. त्यो इंजिन गुरगुरवीत राहिला, मी ट्रकला छाती लावून उभा, हाललो नाय. तेवढ्यात एडक्यांची शिंगं नव्याकोऱ्या मोटारींच्या रंगाला घासायला लागली, तसे ते पाव्हणे, इतका वेळ नुसता हॉर्न वाजवणारे, भराभर मागं सरले. ट्रकला जागा झाली, तो मागं गेला, मी मेंढरं कडंला दाबली, बस निघाली आन् बसमागं रिक्षा. सुमनचे डोळे मिटलेले दिसले, आता तिचा आवाज बी येत नव्हता.

मला मेंढरं सोडून जाता येईना. खंदकाच्या कडंला ती गोळा करीत राहिलो, फोन हातातच, वाजंना. म्हणलं आता काय ऐकावं लागतंय. दिवस कलल्यावर फोन वाजला, म्हातारी बोलली, वाटंत पडेगावात पोरीनं धीर सोडला होता बघा, पण पोचलो, नात झाली, दोघी धड हायेत. मी तिथंच मातीत बसून घेतलं.

सुमनला दवाखान्यातून घरी कधी सोडतील, उद्या का परवा, कोणी सांगंना. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं पुतण्याच्या हवाली केली, काठी घेतली आन् दरवाजात जाऊन उभा राहिलो, एका अंगाच्या गाड्या थांबवायच्या, दुसऱ्या अंगाच्या सोडायच्या.