आईचे आजचे वय

...अन् मानू म्हणे! कामून मानायचं वो? तीस दिवस हायत तर सरळ तीस लिहा की! पण न्हाई. आमची लुंबिनी, माझीच पोरगी, अकरावीला हाय, ती माझ्या दहावीच्या वहीवर बोट आपटून मला म्हणते, ‘आई, आधी दिवस एक्स मानू.’ गणित काय, तर वसतिगृहात साठ पोरी, धान्य वीस दिवसांचं, त्यातल्या वीस पोरी गावी गेल्या, तर धान्य किती दिवस पुरेल? अवो, मी किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात अकरा वर्षं झाली स्वैपाक करून राहिले, अन् हे मला विचारता? तीस दिवस! तेबी पोरी खरंच गावी राहिल्या तर... त्या तिसऱ्या दिवशी परत येतात, अन् येताना लोणचं आणतात, मग दोन घास जास्तीच जातात! ते एक्समध्ये कुठं धरायचं? ‘आई, तसलं नसतं गं त्यात. तू पायऱ्या लिही. मार्क पायऱ्यांना हायत.’

मानू म्हणे! तुम्हाला सांगते, आमच्या घरात हा शब्दच चालत न्हाई. माझा बाप, रामकिशन, दर पौर्णिमेला विहारात जाणारा माणूस, त्यानं आम्हा भावंडांना एकच शिकवलं, ‘कुणी सांगितलं म्हणून मानायचं न्हाई, तपासून बघायचं.’ लुंबिनीला मी हेच ऐकवलं, तर कशी म्हणते, ‘मग शेवटी ताळा करतोच की आपण!’ घ्या! माझ्याच बापाचं बोलणं माझ्याच अंगावर.

तुम्ही हसून राहिलात, पण पुढचं ऐका. दहावीचे बाकी सगळे विषय निघाले, गणित तेवढं दोनदा राहिलं. अन् वसतिगृहात कायम व्हायचं तर अटी दोन, दहावी पास अन् वय चाळीसच्या आत. कागदावर मला येत्या एक जूनला चाळीस पुरी होतात. म्हणजे ह्या मार्चात निघाले तर निघाले, न्हाईतर जन्मभर रोजंदारीवर भाकरी थापा! आमच्या गृहपाल मंजुश्री मॅडम, उदगीरच्या हायत, लई गोड बोलतात, ‘मनिषाताई, अजिबात टेन्शन घेऊ नका हं, फक्त ही शेवटची संधी आहे एवढं लक्षात ठेवा.’ आता ह्याला धीर देणं म्हणतात का? त्या दिवशी वरणात दोनदा मीठ पडलं.

तर पेपरला गेले. सगळीकडं पंधरा-सोळाची लेकरं, अन् मधी मी! एक पोरगं मला म्हणतं, ‘मावशी, पाणी कुठं ठेवलंय?’ म्हन्लं, ‘बाळा, मीबी नापासच हाव, बस गप.’ ते तर रडायलाच लागलं, पहिल्यांदाच बसलं होतं बिचारं! कसाबसा निम्मा पेपर निघाला, अन् शेवटी आलं ते... ‘आईचे आजचे वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा दोनने कमी आहे. पाच वर्षांनंतर दोघींच्या वयांची बेरीज चौसष्ट होईल. तर दोघींची आजची वये काढा.’

मानू तर मानू! लिहिलं, मुलीचे वय एक्स मानू. आई तीन एक्स वजा दोन. दोघींत पाच-पाच मिळवले, बेरीज केली, चार एक्स अधिक आठ बरोबर चौसष्ट. आठ तिकडं नेले, राहिले छप्पन. चारनं भागलं... चौदा! पोरगी चौदाची. अन् आई? चौदा त्रिक बेचाळीस, त्यातले दोन गेले... चाळीस.

चाळीस! ही बाई गेली की वो! हिला कोण कायम करंल? अन् तुम्हाला सांगते, माझं खरं वय हाय अडतीस. शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, ‘जन्म कधीचा?’ बाप म्हणला, ‘माघातला.’ मास्तर म्हणले, ‘माघ-बिघ न्हाई चालत, लिहितो एक जून,’ अन् पहिलीत बसावी म्हणून दीड-पावणेदोन वर्षं वरून चढवली! निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनच हाय. त्या मास्तराचं मानलेलं वय मी आजवर वागवून राहिले, अन् आता हे गणितबी तेच म्हणतंय?

खोडलं मी ते चाळीस. लिहिलं, आई अडतीस, मुलगी सोळा. ताळा केला वो, बापाची शिकवण! अडतीस अन् सोळा चौपन्न, त्यात दहा... चौसष्ट! बरोबर! तेवढ्यात घंटा झाली, मी पेपर देऊन टाकला.

घरी लुंबिनीनं कपाळाला हात लावला. ‘आई! अगं सोळाची तिप्पट किती? हे तुझं अन् माझं वय लिहून आलीस!’ मग बसून सगळा पेपर मोजला, तर मी अगदी काठावर... पायऱ्यांचे मार्क दिले तर पास, न्हाई दिले तर एका मार्कानं नापास.

आता सगळं त्या तपासणाऱ्या मास्तराच्या हातात. तो काय म्हणंल हे बी मला ठाऊक हाय... ‘वर पायऱ्यांत चाळीस खोडलं, खाली उत्तरात अडतीस! बाईमाणूस, बोर्डाच्या पेपरातबी वय चोरतंय!’