लाल गाडीची पाहणी

— हार? हार तुमच्याच गाडीचा हाये साहेब. राहू द्या ना, लाल रंगावर झेंडू शोभून राह्यला. आता तुमीच काल गाडी माह्या दुकानात टाकून यवतमाळले लॉजवर गेले, जातानी तुमीच म्हटलं — घाटात गरम होते, पाहून ठेवा. मंग घाटात गरम होणारी गाडी घाटातच पाहा लागते का नाई? सपाटीवर तं सगळ्याच गाड्या शहाण्या असतात. म्हणून नेली पुसदच्या घाटात. ट्रायलपुरती. — मीटर? जुन्या गाडीचं मीटर पयतच असते बापा, त्याच्याकडे काय पाहाचं!

वरून उघडी, दोनच सीटची, माह्याहून वयानं मोठी गाडी — अन् दोन्ही बाजूनं साग, वळणावर वळण — मले वाटलं मी आर्णीचा प्रेमसिंग मेकॅनिक नाईच, कोण्या संस्थानचा राजा हावो. डोयात धूळ जाते म्हणून तुमचा गॉगल लावला. ऊन होतं म्हणून टोपी. कोट... कोट तं टोपीच्या बाजूलेच होता साहेब, एकटा कायले ठेवाचा! अन् तांड्यावर जाचं काही ठरवलं नव्हतं. — तांड्याचं मी बोललो नाई? बरं, आता बोललो. घाट चढला का माह्या सासरवाडीचा तांडा लागते. बसंती, माही बायको, दिवाळीपासून तिथंच होती. काहून म्हणजे? तिच्या भावाच्या लग्नाले गिऱ्हाइकाच्या जीपमंधी घेऊन चाललो होतो. जीप बंद पडली. तिले झाडाखाली बसवून मी सामान आणाले गेलतो, रस्त्यात एकाचं ट्रॅक्टर उभं दिसलं — हात लावल्याशिवाय राहावलं नाई. परत आलो तवा लग्न लागून गेलतं. बसंती पायी गेलती.

तं गाडी तांड्यात शिरली अन् ढोलच वाजला! आता कापसाचे हाल पाहाले या सालात रोज कोणीतरी येते ना — दिल्लीची कमिटी, मुंबईची कमिटी — थे सारे पांढऱ्या गाडीतून. ही लाल आली, म्हणजे त्याईच्यावरचा साहेब असन. तांड्याचा मुखिया भावसिंग नायक, त्यानं हार घातला, एक मले, एक गाडीले. मी सांगणारच होतो, पण माह्या सासूनं — जिनं दिवाळीत मले दारातून हाकललं — तिनं वाकून रामराम केला! वळखलं काहून नाई? मेकॅनिकले तोंडानं कोण वळखते साहेब, कपड्यानं वळखतात. मंग बाज टाकली, चहा आला, अन् अर्ज आले. कोणी लाल्या रोगानं वाळलेले कापसाचे बोंडं माह्या मांडीवर ठेवले — थे सीटखाली हायेत थेच, फेकू नका, पुरावा हाये. खरं सांगतो, तवा लय लाज वाटली. तोतया साहेबाजवळ खरे अर्ज. पण उठाची हिंमत होईना.

अन् शेवटी कोण आलं? बसंती! माह्या हाताकडे पाहून राह्यली — नखातलं ग्रीस कोटानं झाकते का? मंग पदर सावरून म्हणते, "सायेब, माह्या नवऱ्याचीबी पाहणी करा. आठ वर्सात त्यानं जेवढ्या बोनेटात डोकं घातलं, तेवढ्या वेळा माह्या तोंडाकडे पाह्यलं नाई. तो बारा वाजता घरी जेवाले आला पाह्यजे. निकाल लिहून द्या." सारा तांडा माह्याकडे पाहून राह्यला. म्या लिहिलं — बारा वाजता दुकान बंद, मंग कोणाचीही गाडी असो. खाली सही केली. प्रेमसिंग. सवय साहेब! नायकानं मोठ्यानं वाचली. मंग गॉगल कोणी ओढला ते आठवत नाई.

मारलं नाई, नाई. हसू हसू लोयले लोक. बसंती गाडीत येऊन बसली. फक्त नायक म्हणे, "हसलो बापा, पण अर्ज तरी पोचव." हे घ्या. तुमी मुंबईचे, कोणाले तरी द्या. नक्की द्या.

उतरतानी घाटात एक टेम्पो उभा. ड्रायव्हर दोन्ही हात हालवून राह्यला. बोनेट उघडं! पाय ब्रेकवर गेलता साहेब, पण थांबलो नाई. बसंतीनं माहा गुडघा धरला. अन् पुढच्याच वळणावर तुमच्या गाडीचा पाण्याचा पाइप फुटला. तवा तिनं लग्नातल्या ओढणीचा काठ टरकन फाडला अन् स्वतः बांधला. पाइपावर आरशे चमकून राह्यले ना, थो काठ. तेवढा सोडू नका.

बसा, मारा सेल. — अजून मारा. — नाई होत? दाखवा बरं, प्लगमंधी कचरा... किती वाजले म्हणता?

बारा?

साहेब, गाडीतून उतरा. शटर लावून राह्यलो. नाई, पाच मिनिटंबी नाई, लिहून देल्लं हाये. थे पाहा, समोरच्या दारात उभी हाये ना — तिले विचारा! — बरं, मंग विचारू नका. चला, तुमीबी जेवाले चला. गाडी कुठं जात नाई.