पाठमोरी

आई: जरा इकडे बघता का, मॅडम?

मुलगी: मॅडम काय, आई? आणि हळू बोल.

आई: मग काय म्हणू? तूच साहेबांना सांगितलंस ना, "या आपल्या तळघरात चित्रं काढतात." जशी काही मी तिथेच उगवले.

मुलगी: खोटं आहे का ते?

आई: नाही. अर्धं आहे.

मुलगी: तू आधी शिडीवर नीट उभी राहा.

आई: तेवीस वर्षं भिंती रंगवतेय. निम्म्या तर पोलीस यायच्या आत.

मुलगी: तेच इथे कुणाला कळायला नकोय. कंपनीच्या दारावर ते पोस्टर कुणी चिकटवलं होतं? 'इथे माणसं जुंपून मिळतील.' निळा रंग बघूनच मला कळलं, हे तुझं.

आई: उगाच. आम्ही शिवी म्हणून चिकटवलं, तुझ्या साहेबाने काचेत घालून टांगलं. शिवाय तळघरात येऊन विचारतो, आमची भिंत रंगवाल का? आमच्यातला तो दाढीवाला अजून माझ्याशी धड बोलत नाही. विकली गेलीस म्हणतो.

मुलगी: मग घेतलंस कशाला हे काम?

आई: वेगळी राहायला गेलीस त्याला वर्ष झालं. तळघराच्या पायऱ्या एकदाही उतरली नाहीस. म्हटलं, आपण चढू.

मुलगी: आई, साहेब येतायत.

साहेब: वा, ताई! सोमवारी गुंतवणूकदार येतायत. त्यांना अगदी तळघरातलं वाटलं पाहिजे. फक्त जरा स्वच्छ.

आई: स्वच्छ तळघर. जमवते.

साहेब: ही अकरा माणसं म्हणजे आम्हीच ना? हा फोनवर ओरडणारा मी. पोट जरा जास्त झालंय.

आई: कमीच केलंय.

साहेब: आणि ही खिडकीजवळची? हिला चेहराच नाही.

आई: ती वळतच नाही. आठ दिवस पाठच बघतेय. अकरा वाजले की मान चोळते. डबा उघडते, बघते, झाकण लावते. वैतागली की केस सोडून परत बांधते.

साहेब: अगं, ही तर तूच! वळ की जरा. ताईंचं काम अडलंय.

मुलगी: सर्व्हर बंद पडलाय, सर. उद्या बघते.

आई: असू दे. उद्या चालेल.

(पाच दिवसांनी. शिडी भिंतीला टेकवलेली, तिच्यावर कुणी नाही.)

साहेब: आलीस? ताप गेला ना? इकडे फार वाईट झालं बघ. त्या तळघरातल्या ताई गेल्या. आपण इथे भिंतीपाशी बोललो, त्याच संध्याकाळी. ब्रश धुताना कोसळल्या म्हणे.

मुलगी: हो.

साहेब: कळलं होतं तुला? मी खाली जाऊन आलो. तिथला एक दाढीवाला म्हणाला, भिंतीला हात लावू नका.

मुलगी: नका लावू.

साहेब: अगं, पण एका चेहऱ्यासाठी अडलंय. आज दुपारी गुंतवणूकदार येतील. तुझा फोटो मोठा करून चिकटवू का तिथे?

मुलगी: नको, सर. राहू दे पाठमोरी.

साहेब: विचारतील ना, ही अशी का म्हणून. काय सांगू?

मुलगी: सांगा, कामात होती.

साहेब: तू रडतेयस का? बस, बस जरा. खुर्ची घे.

मुलगी: मला ताप नव्हता, सर. मी स्मशानात गेले होते. नंतर तिची खोली आवरत होते.

साहेब: ताईंची? एवढी ओळख होती तुमची?

मुलगी: मुलाखतीत तुम्ही मला विचारलं होतं, आई काय करते.

साहेब: विचारलं असेन. सगळ्यांनाच विचारतो.

मुलगी: मी म्हटलं, घरी असते.

साहेब: बरं. मग?

मुलगी: चित्रं काढते, सर. माझी आई चित्रं काढते.